घराची किंमत आधी की घराचा निर्णय आधी?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

बडोद्याच्या समा भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या खासगी शाळेत शिकवतात, पगार पंचेचाळीस हजार. लग्नाला पंधरा वर्षे झाली, मुलगी नववीत आहे. नवरा-बायकोने परस्पर संमतीने वेगळे व्हायचे ठरवले आहे. नवरा सव्वा वर्षापासून त्याच्या आई-वडिलांकडे राहतो. भांडण उरले आहे ते घराचे. २०१४ मध्ये दोघांच्या नावावर छत्तीस लाखांना डुप्लेक्स घेतला. त्यात सासऱ्यांनी दांडिया बाजारातल्या वाड्याच्या वाटणीतून आलेले बारा लाख घातले, बाईंनी बांगड्या आणि शिल्लक मोडून चार लाख उभे केले आणि उरलेल्या वीस लाखांचे कर्ज दोघांच्या नावे काढले. त्यातले तेरा लाख अजून फेडायचे आहेत. शिवाय २०२१ मध्ये नवऱ्याच्या दुकानासाठी याच घरावर घेतलेल्या टॉप-अप लोनचे आठ लाख शिल्लक आहेत. दोन्ही हप्ते नवऱ्याच्या खात्यातून जातात, घरखर्च आणि शाळेची फी बाईंच्या पगारातून.

आता नवऱ्याने एका व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणून दाखवला: बासष्ट लाख. बाईंच्या भावाने ओळखीच्या दलालाला विचारले: पंच्याऐंशी लाख. वकिलांनी जंत्रीप्रमाणे, म्हणजे सरकारी दराने, हिशोब केला तर चव्वेचाळीस. बाई विचारतात, "यातला खरा आकडा कोणता? कायद्याने निम्मे घर माझे ना? मला पैसे नकोत, घर हवे आहे. पंधरा वर्षांचा हिशोब यातून तरी निघावा."

उत्तर

ताई,

पत्रासोबत तुम्ही रिपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवलात हे फार चांगले केलेत. तो फोटो नसता तर मीही तुमच्यासारखीच तीन आकड्यांकडे बघत बसले असते. त्या पानावर एक नाही, तीन किमती आहेत. पहिल्या ओळीत फेअर मार्केट व्हॅल्यू, म्हणजे वाजवी बाजारभाव: साडेसत्त्याहत्तर लाख. दुसरीत रिअलायझेबल व्हॅल्यू, म्हणजे तिच्या नव्वद टक्के. तिसरीत डिस्ट्रेस व्हॅल्यू, म्हणजे ऐंशी टक्के: बासष्ट लाख. पेनाने गोल केला आहे तो या तिसऱ्या आकड्याभोवती.

डिस्ट्रेस व्हॅल्यू ही बँकेच्या कामाची. कर्ज बुडाले, घर जप्त केले आणि घाईने विकावे लागले तर निदान किती हाती येईल, याचा तो अंदाज असतो. तुमचे घर जप्तही झालेले नाही आणि लिलावातही निघालेले नाही. तेव्हा नवऱ्याने आणलेला रिपोर्टच सांगतो की घर साडेसत्त्याहत्तर लाखांचे आहे. त्याने मुद्दाम खालची ओळ दाखवली की त्यालाही फरक कळला नाही, हे मला ठाऊक नाही आणि तुम्हीही त्यावर वाद घालू नका. पहिली ओळ त्याला वाचून दाखवा, तेवढे पुरे.

आता भावाचे पंच्याऐंशी. दलालाचा आकडा म्हणजे व्हॅल्युएशन नव्हे. घर विकायला आपल्याकडे यावे म्हणून दलाल नेहमी जरा चढाच भाव सांगतो. शिवाय आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणी मोठ्याने न बोलणारी गोष्ट म्हणजे, त्या आकड्यात काही भाग रोखीचा धरलेला असतो. दस्तावेजावर एक रक्कम, हातात दुसरी. कोर्टात दाखल होणाऱ्या समझोत्यात रोखीची रक्कम लिहिता येत नाही, आणि जे लिहिता येत नाही ते कोणी दिले नाही तर मागताही येत नाही. म्हणून हिशोब करायचा तो कागदावर येऊ शकणाऱ्या किमतीवरच.

जंत्रीचे चव्वेचाळीस तर मुळात बाजारभाव नाहीतच. जंत्री म्हणजे स्टॅम्प ड्युटी आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला किमान दर. गुजरातेत २०११ चे दर १५ एप्रिल २०२३ पासून जवळपास दुप्पट झाले, तरी बऱ्याच भागांत ते बाजाराच्या मागेच आहेत. जंत्री लागते ती दस्तावेजाच्या वेळी आणि आयकराच्या हिशोबात. वाटणीसाठी ती धरली तर ज्याच्याकडे घर राहील त्याची चांदी.

म्हणजे तुमच्या हातातले तिन्ही आकडे तीन वेगवेगळ्या कामांसाठी काढलेले आहेत. घराची किंमत "कशासाठी" आणि "कोणत्या तारखेची" हे ठरल्याशिवाय काढताच येत नाही. आणि नेमके "कशासाठी" हेच तुमचे अजून ठरलेले नाही, असे मला पत्र वाचताना वाटले.

कारण बघा. तुम्ही म्हणता, घर मला हवे. म्हणजे नवऱ्याचा हिस्सा तुम्ही विकत घेणार. विकत घेणाऱ्याला किंमत कमी हवी की जास्त? भाऊ मायेपोटी किंमत वर ओढतो आहे आणि नवरा खाली, पण घर तुम्ही ठेवणार असाल तर भावाच्या आकड्याने नुकसान तुमचेच होते. पंच्याऐंशीतून दोन्ही कर्जांचे एकवीस लाख वजा केले की उरतात चौसष्ट. त्याला बत्तीस द्यायचे आणि एकवीस लाखांचे कर्ज अंगावर घ्यायचे, म्हणजे त्रेपन्न लाख उभे करायचे. बासष्टच्या हिशोबाने तेच साडेएकेचाळीस लाख होतात. ज्या आकड्यावर तुम्ही चिडला आहात तो घर ठेवणाऱ्याच्या सोयीचा आहे. नवऱ्याने तो पुढे केला याचा अर्थ, बहुधा घर त्याला स्वतःला ठेवायचे असेल. हे त्याला सरळ विचारलेत का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही.

म्हणून आधी घर कोणाकडे जाणार, किंवा विकले जाणार का, हे ठरवा. आकड्याचे नंतर.

आता "कायद्याने निम्मे माझे" याविषयी. हे तुमच्याप्रमाणे कितीतरी वाचक गृहीत धरतात. आपल्याकडे घटस्फोट झाला की नवरा-बायकोची सगळी मिळकत निम्मी-निम्मी होते, असा कायदा नाही. घराचा हक्क बघायचा तो दस्तावेजावर नाव कोणाचे आणि पैसा कोणाचा यावरून. तुमच्या बाजूने भक्कम गोष्ट ही की दस्तावेज दोघांच्या नावे आहे. संपत्ती हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे, दोघांनी मिळून मिळकत घेतली आणि कोणाचा पैसा किती याचा पुरावा नसेल तर हिस्से सारखे धरले जातात. पण पुरावा असेल, तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात तो हिस्सा मागू शकतो. तुमच्या नवऱ्याकडे सासऱ्यांचा चेक आहे, हप्त्यांचे पासबुक आहे. तुमच्याकडे काय आहे? भाजीवाल्याची आणि किराणा दुकानाची पावती कोणी पंधरा वर्षे जपून ठेवत नाही.

तरीही त्या खर्चाला किंमत नाही असे समजू नका. तुमच्या पगारावर घर चालले म्हणून त्याच्या कमाईतून हप्ते जाऊ शकले. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एका निकालात तर गृहिणीच्या कष्टांनाही मिळकतीतले योगदान मानून निम्मा हिस्सा दिला होता. तो निकाल गुजरातच्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण तुमचे वकील तो पुढे ठेवू शकतात. तुमचा तर पगार होता, शाळेच्या फीचे बँकेतले व्यवहार आहेत. तीच तुमची पावती. खात्यांची जुनी स्टेटमेंट आत्ताच काढून ठेवा.

सासऱ्यांच्या बारा लाखांबद्दल तुम्ही पत्रात जरा तिखट लिहिले आहे: "तेव्हा प्रेमाने दिले, आता वजा करायला निघाले." तुमचा राग कळतो. पण त्यांच्या बाजूने बघितले तर तो वाड्यातला वाटा होता, पिढीजात. तो त्यांनी मुलाच्या संसारात घातला. संसार मोडताना ते पैसे मुलाच्या पारड्यात मोजावे असे त्यांना वाटणे अन्यायाचे नाही. फक्त मग तोच न्याय तुमच्या चार लाखांनाही लागला पाहिजे. आणि त्यांनी बारा लाख आजच्या भावाने मागितले, तर तुमच्या बांगड्याही आजच्या सोन्याच्या भावाने मोजाव्या लागतील. हे ऐकल्यावर आजच्या भावाचा आग्रह बहुतेक ठिकाणी मावळतो.

टॉप-अपच्या आठ लाखांचेही तसेच. ते दुकानात गेले, घरात नाही, तेव्हा ते त्याच्या हिश्शातून जावेत ही तुमची मागणी रास्त आहे. तो म्हणेल, दुकानावर घरही चालले. ठीक, मग दुकानातला माल आणि दुकानाची शिल्लकही वाटणीच्या यादीत घेऊ या, असे शांतपणे म्हणा.

पण हे सगळे मुद्दे मी कागदावर मांडून पाहिले तेव्हा गंमत झाली. घराचे सोयीसाठी अठ्ठ्याहत्तर लाख धरू. घरकर्जाचे तेरा वजा, उरले पासष्ट. त्यातून सासऱ्यांचे बारा त्याला आणि तुमचे चार तुम्हाला, मूळ रकमेने परत. उरले एकोणपन्नास, निम्मे साडेचोवीस. तुमचे झाले साडेअठ्ठावीस. त्याचे साडेछत्तीस, त्यातून टॉप-अपचे आठ गेले की साडेअठ्ठावीस. आणि यातले काहीच न करता अठ्ठ्याहत्तरातून सरळ एकवीस वजा करून निम्मे केले असते तर? तेही साडेअठ्ठावीस. हा तुमच्या आकड्यांचा योगायोग आहे, प्रत्येक घरात असे होणार नाही. पण बारा लाख आणि आठ लाख यांवरून दोन्ही घरांत जे कडाक्याचे बोलणे झाले, त्याचे आर्थिक फलित शून्य आहे. ज्यांचा असाच वाद चालू असेल त्यांनी भांडण्याआधी एकदा कागद-पेन घेऊन बसावे.

आता कटू भाग. साडेअठ्ठावीस त्याला द्यायचे, एकवीसचे कर्ज स्वतःवर घ्यायचे, म्हणजे साडेएकोणपन्नास लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे त्रेचाळीस हजार येतो. तुमचा पगार पंचेचाळीस. कोणतीही बँक हे कर्ज देणार नाही आणि दिले तरी तुम्ही घेऊ नये. पगाराच्या निम्म्याइतका हप्ता धरला तर पंचवीस-सव्वीस लाखांचे कर्ज झेपेल. म्हणजे जवळपास चोवीस लाखांची तफावत आहे, आणि व्हॅल्युएशन कितीही अचूक केले तरी ती भरून निघणार नाही.

ती भरून काढायचा एक मार्ग वकील तुम्हाला सुचवतीलच: कायमस्वरूपी पोटगीची एकरकमी रक्कम ठरवायची आणि तिच्या बदल्यात त्याने घरातला हिस्सा सोडायचा. असे समझोते नेहमी होतात. तुमच्या बाबतीत हाच मार्ग मला त्यातल्या त्यात शक्य वाटतो, पण दोन गोष्टी नीट बघा. एक, दर महिन्याला येऊ शकणाऱ्या पैशांच्या बदल्यात तुम्ही विटा घेता आहात. घर खायला घालत नाही. गच्ची गळली, मोटर जळली, घरवेरा म्हणजे घरपट्टी आली, की एका पगारातून सगळे निभवायचे. दोन, मुलीच्या पालनपोषणाचा खर्च यात मिसळू देऊ नका. तो तिचा हक्क आहे, आईने तो घराच्या बदल्यात सोडून दिला असे लिहून देऊ नये. "सर्व हक्क, मुलीच्या खर्चासह, पूर्ण झाले" अशी एक ओळ मसुद्यात हळूच येते. ती वाचून काढायला लावा.

पोटगीच्या बोलणीसाठी दोघांनाही आपापल्या उत्पन्नाचे, मिळकतीचे आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांसाठी ते सक्तीचे केले. संमतीच्या अर्जात कोणी ते मागो न मागो, तुम्ही दोघांनी ते एकमेकांना द्या. टॉप-अप घेताना त्याने बँकेला घराची आणि दुकानाच्या उत्पन्नाची जी माहिती दिली, ती आणि आजची माहिती शेजारी ठेवून बघता येते.

दुसरा मार्ग, घर विकून मोकळे व्हायचे. तुम्ही तो पत्रात एका ओळीत झटकून टाकला आहे. मी म्हणेन, निदान एक संध्याकाळ त्याचा विचार करा. साडेअठ्ठावीस लाख हातात, डोक्यावर कर्ज नाही, नवऱ्याशी आर्थिक धागा नाही. त्यात पाच-दहा लाखांचे झेपणारे कर्ज घालून लहान फ्लॅट स्वतःच्या एकटीच्या नावावर घेता येईल. गुजरातेत फक्त स्त्रीच्या नावे दस्तावेज असेल तर एक टक्का नोंदणी फी माफ असते. स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के लागते, ती मात्र सुटत नाही. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर ज्याच्या त्याच्या हिश्शावर लागेल. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेले असल्याने, महागाईचा निर्देशांक धरून वीस टक्के की न धरता साडेबारा, यातले जे कमी ते निवडता येते, आणि दोन वर्षांत दुसरे घर घेतले तर सूटही मिळते. सीएकडे एकदा जाऊन या. घर न विकता तो हिस्सा सोडणार असेल तरी जा, कारण घटस्फोटाच्या निकालाआधी तो आयकराच्या कायद्याने तुमचा नातेवाईक आहे आणि निकालानंतर नाही. कोणता कागद कधी करायचा हे त्यावरही ठरते.

तिसरा मार्ग: मुलगी बारावी होईपर्यंत तुम्ही दोघी इथेच राहायचे आणि मग विकायचे. मुलीसाठी हा सगळ्यात मऊ मार्ग. पण चार वर्षे हप्ते कोण भरणार, दुरुस्ती कोणाची, मधे कोणी दुसरे लग्न केले तर काय, हे सगळे समझोत्यात लिहावे लागेल. आणि तेव्हाची किंमत आज लिहू नका, पद्धत लिहा: दोघांनी मिळून नेमलेला व्हॅल्युअर, विक्रीच्या महिन्यातली किंमत. घटस्फोटानंतरही नवऱ्याशी नळदुरुस्तीवरून बोलावे लागणे तुम्हाला जमेल का, हे तुम्हीच जाणता. पत्राचा सूर पाहता मला शंका आहे.

निर्णय कोणताही झाला तरी व्हॅल्युएशन नव्याने करून घ्या, आणि या वेळी दोघांनी मिळून. आयकर खात्याच्या यादीतला किंवा भारतीय दिवाळखोरी मंडळाकडे जमीन-इमारतीच्या वर्गात नोंदलेला व्हॅल्युअर घ्या. नेमणुकीच्या पत्रावर दोघांच्या सह्या, फी निम्मी-निम्मी, रिपोर्टची प्रत दोघांना एकाच वेळी. पत्रात स्पष्ट लिहा: उद्देश परस्पर संमतीची वाटणी, हवी ती फेअर मार्केट व्हॅल्यू, अमुक तारखेची. तो घर बघायला येईल तेव्हा दोघांनी किंवा दोघांच्या माणसांनी हजर राहावे. गप्पा मारायला नव्हे, माप घेताना बघायला. डुप्लेक्सची किंमत मुख्यतः जमीन अधिक बांधकाम अशी निघते. बांधकामाची किंमत वयाप्रमाणे घटते, जमिनीची बहुधा वाढते. सुपर बिल्ट-अपच्या (भिंती आणि सामायिक जागा धरून) मापाने भाव सांगणारा दलाल आणि कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या) मापाने हिशोब करणारा व्हॅल्युअर यांच्यात जी दरी दिसते, ती पुष्कळदा एवढ्यावरच असते.

तुमच्या घराच्या दोन खास बाबी आहेत. पहिली पुराची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी समा-हरणीकडे घराघरांत शिरले, तुमच्याकडे तळमजल्यावर कमरेइतके होते असे तुम्ही लिहिता. व्हॅल्युअरने त्यासाठी काही वजा केले तर तो नवऱ्याला सामील आहे असे समजू नका. आज त्या भागात घर बघायला येणारे गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ शोधते. नंतर २०२५ मध्ये नदी खोल आणि रुंद करण्याचे काम झाले, त्याचा उल्लेखही रिपोर्टमध्ये असू द्या. वजावट किती आणि कशावरून, हे मात्र विचारा. आसपास पुरानंतर झालेल्या विक्रीचे दाखले असतील तरच तिला अर्थ आहे.

दुसरी बाब ऐकायला तुम्हाला वाईट वाटेल. गच्चीवरची खोली, जी तुम्ही नंतर पीएफ काढून बांधलीत आणि जी तुम्ही पत्रात "माझी खोली" म्हणता, तिचा प्लॅन पास केलेला नाही असे तुम्हीच लिहिले आहे. प्लॅनबाहेरच्या बांधकामाला व्हॅल्युअर फारच थोडी किंमत देतो किंवा देतच नाही. गुजरातच्या २०२२ च्या कायद्याखाली इम्पॅक्ट फी भरून असे बांधकाम नियमित करता येत होते. तसा अर्ज तेव्हा केला होता का, हे जुन्या फायलीत बघा. केला असेल तर तो कागद व्हॅल्युअरला द्या. नसेल तर त्या खोलीवर झालेला खर्च समझोत्यात वेगळा मागता येईल, पण घराच्या किमतीत तो शोधत बसू नका.

आणखी एक बडोद्यातल्याच लोकांसाठी. शहराच्या बऱ्याच भागांत अशांत धारा लागू आहे, म्हणजे १९९१ च्या कायद्याप्रमाणे मिळकत दुसऱ्याच्या नावे करण्याआधी कलेक्टरची परवानगी लागते. तुमची सोसायटी त्यात येते का ते आधी तपासा. येत असेल तर विक्रीचे वेळापत्रक त्याप्रमाणे धरा, आणि तुमच्या आपापसातल्या हिस्सासोडीलाही परवानगी लागेल का हे वकिलांकडून लेखी विचारून घ्या.

दोन रिपोर्ट आले आणि जुळले नाहीत तर बेरीज करून निम्मे करायची आपल्याकडे सवय आहे. ती मला पटत नाही. सरासरीत ज्याने जास्त ताणले त्याचा फायदा होतो. दोन्ही व्हॅल्युअरना शेजारी बसवून विचारा: माप कोणते, दाखले कोणते, पुराची वजावट किती. फरक कुठे पडला ते दहा मिनिटांत कळते आणि मग भांडण सगळ्या घरावर न राहता तेवढ्या एका मुद्द्यावर येते.

भावाभावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने निवडायचे, ही रीत तुम्ही पाहिली असेल. इथेही करता येते: एकाने किंमत सांगायची, दुसऱ्याने त्या किमतीला घ्यायचे की द्यायचे हे ठरवायचे. किंमत सांगणारा आपोआप सरळ वागतो. पण घ्यायची ऐपत दोघांची असेल तरच. तुमच्या स्थितीत नवऱ्याने हा खेळ सुचवला तर नाही म्हणा.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती बँक. घटस्फोटाच्या निकालात "कर्ज अमुक फेडेल" असे लिहिले तरी बँक त्याने बांधली जात नाही. कर्जावर तुमची सही आहे तोवर त्याचा हप्ता चुकला की वसुलीचा फोन तुम्हाला येणार आणि सिबिल तुमचा खराब होणार. टॉप-अपलाही हेच लागू आहे, ते दुकानात गेले असले तरी. म्हणून ज्याच्याकडे घर राहील त्याने कर्ज एकट्याच्या नावे करून घेणे, दुसऱ्याचे नाव कमी झाल्याचे बँकेचे पत्र मिळणे, हिस्सा सोडल्याचा दस्त नोंदणे आणि पैसे हाती पडणे, हे कोणत्या क्रमाने होईल ते समझोत्यात लिहा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसरी तारीख येते. ही मुदत योग्य कारण असल्यास कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. तोवर दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. तेव्हा पैशांचा शेवटचा भाग आणि शेवटची सही दुसऱ्या तारखेलाच ठेवा. सहा महिन्यांत बाजार हलला तर काय, यासाठी व्हॅल्युएशन किती महिने ग्राह्य धरायचे हेही लिहा. आणि हे सगळे चालू असताना तुम्हाला घराबाहेर काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे सामायिक घरात राहण्याचा तुमचा हक्क आहे. कुलूप बदलले जाईल या भीतीने कोणत्याही आकड्यावर सही करू नका.

राहिले तुमचे शेवटचे वाक्य, पंधरा वर्षांचा हिशोब यातून निघावा. ताई, व्हॅल्युअर फीत लावून भिंती मोजेल. तुम्ही किती सोसले हे त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्न केलात तर प्रत्येक आकडा तुम्हाला अपमान वाटेल. बासष्ट ऐकून तुम्ही रात्रभर झोपला नाहीत असे लिहिता, ते मला यामुळेच वाटते. तुम्हाला घर का हवे, याची कारणे एकदा दोन रकान्यांत लिहा. मुलीची शाळा, बसचा थांबा, शेजारच्या काकू हे एका रकान्यात. "त्याला मिळू नये" हे दुसऱ्यात. पहिल्या रकान्यातली बरीच कारणे समा भागातल्या भाड्याच्या किंवा लहान फ्लॅटमध्येही पुरी होतात.

या आठवड्यात एवढेच करा: बँकेत जाऊन घरकर्ज आणि टॉप-अप या दोन्ही खात्यांची वेगवेगळी स्टेटमेंट आणि आजच्या तारखेला पूर्ण फेडीची रक्कम लिहिलेले पत्र मागा. सहकर्जदार म्हणून ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, नवऱ्याला विचारावे लागत नाही. माझा सगळा हिशोब तुम्ही दिलेल्या तेरा आणि आठवर उभा आहे आणि ते आकडे तुम्हाला नवऱ्याने तोंडी सांगितलेले आहेत. आणि भावाला सांगा, आता आणखी दलाल नको.